साडेआठशे भागिले दोन

आमच्या घरात माझ्या बोलण्याला दोनाने भागतात.

यात अपमान वगैरे काही नाही. चपला दाराबाहेर काढायच्या, दूध झाकून ठेवायचं, तसा तोही एक नियम. मी म्हटलं, आज चार मैल चालून आलो, की दोन मैल धरायचे. मी म्हटलं, वाटेत आठ कुत्री अंगावर आली, की चार धरायची, आणि ती भुंकली असतील एवढंच समजायचं.

नियम काढला माझ्या भावजयीने. तिने पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सगळी गल्ली तिला बाई म्हणते, मीही बाईच म्हणतो, आणि तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तोसुद्धा चारचौघांत बाईच म्हणतो. बाईंनी नियम असाच काढला नाही. वर्षभर एका वहीत माझे आकडे टिपले. डावीकडे मी सांगितलेला, उजवीकडे खरा निघालेला. वर्ष संपल्यावर सरासरी काढली. दोन पूर्णांक सहा शतांश आली.

"सहा शतांश सोडून देते, दादा," बाई म्हणाल्या. "घरचे आहात."

मी थिएटरात प्रोजेक्टर चालवायचो. चाळीस वर्षं. (भागून घ्या, हरकत नाही.) चार बाय सहाच्या खोलीत तापलेलं यंत्र आणि मी, दोघंच. खाली सातशे माणसं पडद्याकडे तोंड करून बसलेली आणि माझ्याकडे त्यांची पाठ. असं आयुष्य काढलेला माणूस घरी आल्यावर मोजून-मापून बोलेल, ही अपेक्षाच चुकीची.

तर गोष्ट माझ्या पुतणीच्या कॉम्प्युटरची आहे.

पुतणी फिल्मा कापते. शूटिंग केलेल्या ढिगातून कामाचं ठेवायचं, बाकीचं उडवायचं, हा तिचा धंदा. जिभेनेही तेच काम करते, म्हणून घरात तिचं नाव कात्री. सहा-सात वर्षं ती दुसऱ्यांच्या नावावर कापत होती. कारखान्यांच्या माहितीच्या फिल्मा, शाळांची संमेलनं, कोणाच्या तरी पन्नाशीचा समारंभ. तिचा जुना कॉम्प्युटर इतका हळू होता की वेळ मोजायला आम्ही घड्याळ वापरायचोच नाही. फिल्म तयार व्हायला लावली की बाई शेजारी लोकर घेऊन बसायच्या. पंधरा मिनिटांच्या फिल्मला एक बाही. अर्ध्या तासाला दोन्ही बाह्या आणि गळा. माझ्या अंगात आता आहे तो स्वेटर एका कापड गिरणीच्या वार्षिक सभेचा आहे. मागची बाजू घट्ट विणली गेलीय, कारण तिथे अध्यक्षांचं भाषण होतं. एकदा मी फाइल उघडायला लावली, दाढी करायला गेलो, करून आलो, आणि फाइल उघडली तेव्हा पुन्हा दाढी करायची वेळ झालेली.

अशात कात्रीला एक काम मिळालं. पहिल्यांदाच तिच्या नावाचं. डोंगरातल्या रोपवेची देखभाल करणारी माणसं असतात. दोरावर लटकून ग्रीस लावणारी, एकेक नट आवळणारी. त्यांच्यावर तासाभराची फिल्म. बनवणाऱ्या मॅडम नावाजलेल्या आणि वेळेच्या पक्क्या. त्यांनी कात्रीला सांगितलं होतं, "सोमवारी दुपारी बाराला मी फिल्म घेऊन गाडीत बसणार. तुझी तयार असली तर तुझी. नसली तर माझ्याकडे स्टुडिओ आहे, तो माझ्या पद्धतीने कापेल, नाव त्यांचं जाईल." यात रागाबिगाचं काही नव्हतं. नुसतं वेळापत्रक सांगितलं होतं.

कात्री तिकडे डोंगरातच होती. दहा दिवस शूटिंग, आणि मधल्या वेळात मागून आणलेल्या एका लॅपटॉपवर फिल्मच्या हलक्या नकला करून ती जोडणी करत होती. पण खरं, जडजंबाळ शूटिंग जोडून, रंग लावून, शेवटची फिल्म काढायला घरी दमदार यंत्र लागणार होतं. जुना कॉम्प्युटर त्यातला एक शॉट उघडायला गेला असता तर बाईंचं अख्खं ब्लँकेट झालं असतं.

त्या डोंगरात मेसेज जायचे नाहीत. रोपवेच्या सात नंबरच्या खांबाखाली उभं राहून फोनमध्ये ओरडलं तर आवाज कसाबसा पोचायचा. तिथून तिने त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी घरी फोन केला. बाई बाजारात, भाऊ त्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये. फोन मी उचलला.

"कोण, काका?" पलीकडून सुस्कारा आला. "बाबा नाहीत?"

"नाहीत."

"आई?"

"नाही. मी आहे. माणूसच आहे मीही."

"काका, हात जोडते. कागद-पेन घ्या आणि मी सांगते तसंच लिहा. एक शून्य इकडचं तिकडे नको. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मी दुकानात आधीच बाजूला ठेवायला सांगितलंय, त्याची काळजी नाही. बाकीचं लिहा. रॅम चौसष्ट."

"चौसष्ट."

"फिल्म ठेवायला डिस्क चार टेराबाइटची, ती नवी, वेगवाली. पॉवर सप्लाय साडेआठशे वॉटचा. पंखे सहा."

"सहा पंखे? कॉम्प्युटरला?"

"काका, तापतो तो. तुमचा प्रोजेक्टर नव्हता तापत?"

आता प्रोजेक्टर तापण्यावर माझ्याकडे किमान तीन गोष्टी आहेत. त्यातली एक तर अशी आहे की ऐकणाऱ्याने कोट काढून ठेवावा. पण पोरगी खांबाखाली वाऱ्यात उभी होती. मी एकही सांगितली नाही. सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, तिने हो म्हटलं आणि लाइन गेली. त्या कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. आयुष्यात तसा कागद मी दुसरा लिहिलेला नाही.

जेवायच्या टेबलावर मी तो ठेवला. भाऊ आणि बाई दोघंही वाकून बघायला लागले.

"अक्षर दादांचं आहे," बाई म्हणाल्या.

"फोन मी घेतला, मग अक्षर कोणाचं असणार?"

"तसं नाही. आकडे तिने सांगितले तेच आहेत, की तुमच्या हातून जरा फुगलेत?"

"तेच आहेत. जसेच्या तसे."

हे वाक्य म्हणायला नको होतं. बाईंच्या वहीत नोंद आहे की ज्या दिवशी मी 'जसंच्या तसं' म्हणतो, त्या दिवशीचा आकडा तिपटीने फुगलेला निघतो. त्यांनी भुवई वर केली, पण तरी दोनच धरले. मोठ्या मनाच्या आहेत.

"रॅम चौसष्ट म्हणजे बत्तीस," त्या पेन्सिलीने लिहू लागल्या. "चार टेराबाइट म्हणजे दोन. साडेआठशे म्हणजे सव्वाचारशे. सहा पंखे म्हणजे तीन."

"अहो, पण पोरीने सांगितलंय—"

"दादा, मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, जिन्यात बारा पायऱ्यांवरून पडलो. मी मोजल्या. आहेतच सहा, तुम्ही पडलात तिसरीवरून."

"त्या दिवशी मी घाबरलेलो होतो."

"म्हणून काही म्हटलं नाही. पण आज तीनाने भागलं असतं तर चाललं असतं का?"

भाऊ या वादात पडला नाही. तो सुतार आहे, आणि सुताराला दुसऱ्याच्या आकड्याशी घेणंदेणं नसतं. स्वतः मोजल्याशिवाय तो घरचं दारही उघडत नाही. त्याला फक्त एकच गोष्ट खटकली होती. "ह्या सगळ्याला पत्र्याचा डबा मिळतो म्हणे दुकानात," तो म्हणाला. "माझ्या मुलीचं यंत्र पत्र्याच्या डब्यात? मी जिवंत असताना?" आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन, टेपने प्रत्येक भागाची लांबी-रुंदी-जाडी घेऊन आला. ग्राफिक्स कार्ड त्याने तीनदा मोजलं. म्हणाला, वस्तू भारी आहे, पण कडा नीट घासलेल्या नाहीत.

दुकानात बाईंबरोबर मीही गेलो. दुकानदार किडकिडीत माणूस, कानामागे पेन्सिलीसारखा बारीक स्क्रूड्रायव्हर. त्याची आणि माझी आदल्या दिवशीच ओळख झाली होती. मी सहज चौकशीला गेलो होतो आणि सहज दोन तास बसलो होतो. (हे दोन तास खरे आहेत. भागू नका.) त्या दोन तासांत मी त्याला प्रोजेक्टरच्या धुराड्याची गोष्ट सांगितली. आमच्या यंत्राच्या दिव्याची उष्णता छपरातून बाहेर काढायला एक नळकांडं होतं. थंडीत त्याच्यावर दोनशे कबुतरं ऊब घ्यायला बसायची. एका लांबलचक चित्रपटाच्या वेळी तिथे घातलेली अंडी मध्यंतराला उबली आणि शेवटच्या रिळाला पिल्लं उडून गेली.

दुकानदाराने बाईंनी निम्म्या आकड्यांची नव्याने लिहिलेली यादी वाचली आणि स्क्रूड्रायव्हर कानामागून काढला. "ताई, बाकीचं एक वेळ चालेल. पण पॉवर सप्लाय कमी पडतोय. तुमच्या मुलीने जे कार्ड बाजूला ठेवायला सांगितलंय ना, ते खादाड आहे. त्याला साडेआठशेच हवा."

बाई माझ्याकडे वळल्या. मग दुकानदाराकडे. "साडेआठशे हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला?"

"कुठून म्हणजे? मला माहिती आहे."

"काल हे इथे आले होते?"

"आले होते की. फार मजा आली. ती कबुतरांची गोष्ट—"

"किती कबुतरं होती?"

"दोनशे," दुकानदार आदराने म्हणाला.

बाईंनी मान हलवली. वर्गात एकाच्या पाटीवरचं चुकलेलं उत्तर शेजारच्याच्याही पाटीवर सापडलं की त्या हलवतात, अगदी तशी. "तुम्ही यांच्याशी दोन तास बोललात. तुमचाही आकडा आता भागायलाच हवा. सव्वाचारशेचा द्या."

"सव्वाचारशेचा येतच नाही, ताई. साडेचारशेचा आहे."

"तो द्या. वरचे पंचवीस दादांना बक्षीस. यावर यंत्र चालू तर होईल ना?"

दुकानदार प्रामाणिक होता. "चालू होईल," तो म्हणाला. "चालू व्हायला काय."

"मग झालं."

मी काय करत होतो? मी तिथेच उभा होतो आणि खरं बोलत होतो. तीनदा म्हणालो, आकडा बरोबर आहे. पण ज्या माणसाने दुकानदाराला दोनशे कबुतरांवर विश्वास ठेवायला लावलं, त्याने 'आकडा बरोबर आहे' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखं. दर खेपेला बाईंचा चेहरा आणखी ठाम होत गेला. चौथ्यांदा बोललो असतो तर दोनशेचा घेऊन आल्या असत्या.

शुक्रवारपर्यंत भावाने पेटी तयार केली. पेटी काय म्हणावी? सागवानी, गोल कडा, आत प्रत्येक भागाला त्याच्या मापाचा खण. पॉवर सप्लायचा खण असा की तो आत सरकवताना हवेचा हुस्स आवाज यायचा आणि मग बाहेर काढायला दोन माणसं लागायची. तीन पंख्यांना तीन जाळ्या, त्यावर वेलबुट्टी. दुकानदार जोडणी करायला घरी आला तेव्हा स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून पाच मिनिटं नुसता पेटीवर हात फिरवत होता. "यात यंत्र घालायला मन होत नाही," म्हणाला. मग घातलं. बटण दाबलं. तीन पंखे फिरले, पडदा उजळला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जे म्हणायचं ते मला पोचलं.

शनिवारी दुपारी कात्री आली. उन्हाने काळी पडलेली, बॅगेत चार हार्डडिस्क, केसात ग्रीस. पेटी बघून तिने बाबांना मिठी मारली. मग खुर्चीत बसली ती रविवार संपेपर्यंत उठली नाही. जेवण तिथेच, चहा तिथेच, आंघोळीचं नाव काढलं की कात्री चालायची. खरं शूटिंग जोडलं, रंग लावले. रविवारी यंत्र दोनदा अचानक बंद पडलं. आम्ही गल्लीतल्या विजेला शिव्या दिल्या. मी तर शेजाऱ्यांच्या इस्त्रीवर संशय घेतला आणि त्यांना तसं सांगूनही आलो.

सोमवारी सकाळी आठ वाजता सगळं तयार झालं. आता फक्त शेवटची फिल्म बाहेर काढायची. कात्रीने बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी पुढे सरकायला लागली. बाई सवयीने लोकर घेऊन शेजारी बसल्या.

अकरा टक्के झाले आणि पडदा काळा. पंखे थांबले. पेटी एखाद्या सुंदर शोकेससारखी नुसती उभी.

"इस्त्री," मी म्हणालो.

"शेजारी गावाला गेलेत, दादा," भाऊ म्हणाला.

पुन्हा चालू केलं. पुन्हा अकरा टक्के. पुन्हा काळं. कात्रीचे हात मांडीवर पडले. ती कधी रडत नाही. लहानपणी सायकलवरून पडली तर सायकलला बोलायची. पण त्या वेळी ती काहीच बोलत नव्हती. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग तिने यंत्र पुन्हा चालू केलं, कसल्याशा खिडक्या उघडल्या आणि थबकली. "रॅम बत्तीस आहे."

भावाने बाईंकडे पाहिलं.

"मी चौसष्ट सांगितलं होतं." तिने टॉर्च घेतला, पेटीच्या मागे वाकली, पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं. "साडेचारशे." मग सरळ माझ्याकडे आली. "काका. मी फोनवर किती सांगितलं होतं?"

"साडेआठशे."

"आणि तुम्ही किती लिहिलंत?"

मी खिशातून कागद काढून दिला. आठवडाभर तो बरोबर घेऊन फिरत होतो. मला वाटायचं, कधीतरी कोणीतरी मागेल.

कात्रीने वाचला. साडेआठशे, चौसष्ट, चार, सहा. मग त्याच कागदावर शेजारी पेन्सिलीने लिहिलेले आकडे वाचले. ते अक्षर ओळखायला तिला वेळ कशाला लागतोय? त्याच अक्षरात तिच्या दहावीपर्यंतच्या वह्या तपासल्या गेल्या होत्या.

"आई, तू भागलंस?"

बाईंनी सुया खाली ठेवल्या. पस्तीस वर्षांत मुलांनी खडूने, शाईने, रडून, हसून केलेल्या सगळ्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या होत्या. स्वतःच्या चुकीची त्यांना सवय नव्हती. "भागाकार बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण उदाहरणच वेगळं होतं." आणि मग माझ्याकडे न बघता, "चुकलं माझं, दादा."

मला खूप दिवस हे ऐकायचं होतं. पण त्या क्षणी त्याची चवच लागली नाही. नऊ वाजत आले होते. बाराला मॅडम गाडीत बसणार, त्यांच्याकडे पोचायला वीस मिनिटं.

दुकानदाराला फोन लावला. बंद. सोमवार. दुकानाची सुट्टी. पण तो दुकानाच्या वरच राहतो हे मला माहीत होतं. दोन तास बसलो होतो ना.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुम्ही?" तिघंही एकदम म्हणाले. मग जाऊ दिलं, कारण भावाला पॉवर सप्लाय खणातून उपसायचा होता, बाईंचे गुडघे दुखत होते आणि कात्री यंत्राजवळून हलणार नव्हती.

दुकान दोन वळणांवर. पहिल्या वळणापर्यंत मी मनात एक गोष्ट तयार केली. घराला आग लागली आहे, पेटीतून ज्वाळा निघतायत, पुतणी बेशुद्ध आहे. दुसऱ्या वळणापर्यंत त्यात अग्निशमन दल आलं, बंबाचा टायर फुटला. फार झकास गोष्ट होती. मग माझ्या लक्षात आलं की हा गृहस्थ बाईंना भेटलाय. त्यालाही नियम माहीत आहे. मी आग सांगितली तर तो निम्मी आग धरेल, आणि निम्म्या आगीला सुट्टीच्या दिवशी कोण खाली उतरतो?

तो गच्चीत ब्रश करत उभा होता. मला बघून त्याने हात हलवला. तोंडात फेस. "या, काका. आज कुठली गोष्ट?"

मी मान वर केली. "साडेआठशेचा पॉवर सप्लाय हवाय. आत्ता. नाहीतर बाराला पोरीचं काम जाईल."

तो थांबला. वाट बघत होता. ब्रश तोंडातच. "मग?"

"मग काही नाही. एवढंच."

त्याच्या तोंडातला फेस हनुवटीवर आला. मला वाटतं, त्याने मला दोन तास ऐकलेलं असल्यामुळे, वीसेक शब्दांत गप्प बसलेला मी त्याला आगीपेक्षा भयंकर वाटलो. तो एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून खाली आला. दुकान उघडलं, साडेआठशेचा काढला, उरलेली बत्तीस रॅम न विचारताच शर्टाच्या खिशात टाकली, आणि माझ्या पुढे धावायला लागला.

घरी आलो तर नवीच अडचण. नवा पॉवर सप्लाय जुन्यापेक्षा दोन बोटं लांब. खणात जाईना.

"बाहेर राहू दे, बाबा," कात्री म्हणाली. "टेबलावर ठेवून वायरी लावू. चालतं."

"लोंबकळत?" भाऊ म्हणाला. फक्त एवढंच. मग त्याने करवत आणली. मी त्याला जन्मापासून ओळखतो. पूर्ण झालेल्या, पॉलिश केलेल्या कामाला त्याने कधी करवत लावल्याचं पाहिलं नव्हतं. सगळे भाग बाहेर काढून त्याने पेटी आडवी केली, डोळे बारीक केले आणि मागची फळी कापली. सागाचा भुसा माझ्या स्वेटरवर उडाला. कापताना तो ओठांनी काहीतरी पुटपुटत होता. ते पेटीला उद्देशून होतं. आम्ही ऐकलं नाही.

दुकानदाराने सगळं परत बसवलं, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरी. अकरा वाजून पाच मिनिटांनी कात्रीने बटण दाबलं. आम्ही पाचजण पडद्यापुढे उभे. पाच टक्के. आठ. दहा.

अकराला कोणी श्वास घेतला नाही.

बारा.

दुकानदार जमिनीवर बसला. भावाने पेटीवर हात ठेवला. अर्धवट उघड्या पाठीतून वारा येत होता; तीन पंख्यांना जे जमणार नव्हतं ते त्याच्या करवतीने करून ठेवलं होतं. बाईंनी सवयीने सुया उचलल्या, विणायला घेतलं. जेमतेम दहा ओळी झाल्या असतील, तोवर यंत्राने टिंग केलं. सत्तावीस मिनिटं.

"झालं?" बाई म्हणाल्या. हातात धड पट्टीही नव्हती. कशाचंच काही झालं नव्हतं.

कात्री डिस्क छातीशी धरून रिक्षाने गेली. मॅडम गाडीत एक पाय ठेवून उभ्या होत्या. डिस्क घेतली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं आहेत अजून. चहा घेतेस?" कात्री सांगते की ती तिथे, गाडीच्या दारात, पहिल्यांदा रडली. चहामुळे असं तिचं म्हणणं आहे. गरम होता म्हणे.

फिल्म गेली ती तिच्या नावाने गेली. शेवटी नावांची यादी येते, त्यात 'संकलन' पुढे तिचं नाव. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'आकडे, जसेच्या तसे: काका.' मी ती ओळ थांबवून कितीदा पाहिली ते सांगत नाही.

बाईंनी वही बाहेर काढली. साडेआठशेची नोंद केली, डावीकडे साडेआठशे, उजवीकडेही साडेआठशे. चौसष्टची, चारची, सहाची पण. मग नवी सरासरी काढली. आता माझा भागाकार एक पूर्णांक नऊवर आलाय. त्या म्हणाल्या, असाच सुधारत गेलात तर पंच्याऐंशीव्या वर्षी तुमच्यावर थेट विश्वास ठेवता येईल. त्या अर्धवट पट्टीचं त्यांनी काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी यंत्रावर धूळ बसू नये म्हणून ती पेटीच्या पाठीमागे, करवतीने कापलेल्या जागेला अडकवली. लोकरीची आहे, आरपार वारा जातो. भावाला ती अजिबात आवडलेली नाही, पण तो काढतही नाही.

ती फिल्म एकूण किती लोकांनी पाहिली, तो आकडा मात्र मी सांगणार नाही. बाईंना विचारा. त्या जो सांगतील त्याची दुप्पट धरा.